भोगीचं भजन

ऊसतोड सुरू झाली की आमच्या नंदुरबारच्या रस्त्यावर ट्रॅक्टरची रीघ लागते. मागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांत ठासून भरलेला ऊस, आणि ड्रायव्हरने अख्ख्या गावाला ऐकू जातील अशी लावलेली गाणी. शेजारपाजारच्या बायका ओट्यावर येऊन बघतात, कोणी ट्रॉलीतून निसटलेला ऊस उचलून आणतं. मी मात्र खिडकी लावून घेते. लोकांना वाटतं, बाई निवृत्त झाल्या तरी बाईपण गेलं नाही, यांना गोंगाट चालत नाही. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाला गोंगाटाचं काय कौतुक. मला चालत नाही तो हा हंगाम. दरवर्षी येतो, आणि दरवर्षी मी त्याला दारातूनच परत लावायला बघते.

माझं सगळं लहानपण पुरुषोत्तमनगरला, साखर कारखान्याच्या कॉलनीत गेलं. तिथे पावसाळा, हिवाळा, उन्हाळा हे पुस्तकातले ऋतू. खरे ऋतू दोनच, कारखाना चालू आणि कारखाना बंद. चालू असला की भोंग्यावर दिवस उगवायचा आणि भोंग्यावर मावळायचा. मळीचा आंबूस-गोड वास गाद्या-गोधड्यांत शिरून बसायचा. चिमणीतून उडालेली काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर उतरायची. ती झटकायची, पुसायची नाही, पुसली की डाग पडतो, हे आम्हाला मुळाक्षरांच्या आधी शिकवलं होतं. तोडीसाठी सातपुड्यातून आलेल्या माणसांच्या पाचटाच्या कोप्या गाडीतळाच्या पलीकडे उभ्या राहायच्या, आणि संध्याकाळी त्यांच्या चुलींचा धूर थंडीत खाली खाली पसरत आमच्या अंगणापर्यंत यायचा. मला तो सगळा देखावा फार आवडायचा. आता आवडत नाही, एवढंच.

आबा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात पॅनवर होते. उसाचा रस आटवत आटवत त्यात साखरेचा दाणा धरायचा, ते काम. घाई केली की दाणा बिघडतो असं ते म्हणायचे, आणि घरातही त्यांना कुठल्याच गोष्टीची घाई नसायची. आम्ही दोघी बहिणी. इंदूताई मोठी, शहाद्याच्या कॉलेजात बी.ए.ला, विषय इंग्रजी. मी रनाळ्याला मामाकडे राहून नंदुरबारला डी.एड. करत होते आणि सुट्टीपुरती घरी यायचे. त्यामुळे आज जे सांगते आहे त्यातलं बरंचसं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. तेही सगळ्यांनी चुकीचं ऐकलं होतं, हे यंदा कळलं.

माय आता माझ्याकडेच असते. कान शाबूत आहेत, गुडघे गेले. इंदूताईचा विषय घरात आपण होऊन कोणी काढत नाही, पण आल्या-गेल्या माणसाचं लक्ष भिंतीवरच्या फोटोकडे जातं आणि विचारणं होतंच. मग माय पदर सावरून सांगते, "मन्ही आंडेर वैरागी व्हती. तिनं मन आठे नव्हतंच." आंडेर म्हणजे लेक, आठे म्हणजे इथे. एवढं बोलली की ती शांत होते, समोरचाही मान हलवतो, आणि चहा येतो. तरणीताठी पोर गेल्यावर आई कशी जगत असेल, असं लोक विचारतात ना, तर माझी माय या एका वाक्यावर जगली. मी त्या वाक्याला कधी हात लावला नाही. मलाही ते उपयोगी पडत होतं.

त्या वैराग्याचा पुरावा म्हणजे एक तबकडी.

कॉलनीत आमच्या शेजारी एक केमिस्ट साहेब राहायचे. नोकरी सोडून दूर कुठे निघाले तेव्हा जड सामान वाटून टाकलं, त्यात आबांच्या वाट्याला रेकॉर्ड प्लेअर आला. सुटकेससारखा मिटणारा, सेलवर चालणारा. आम्ही त्याला पेटी म्हणायचो. सोबत दहा-बारा तबकड्या, बहुतेक हिंदी सिनेमातल्या, आणि एक परदेशी. तिचं मूळ वेष्टन पावसात भिजून गेलेलं, साहेबांनी तिला पांढऱ्या कागदात गुंडाळून दिली होती. त्यामुळे गाणारा माणूस कोण, कसा, काही पत्ता नाही. मधल्या गोल कागदावर इंग्रजीत बारीक अक्षरं होती. आबांनी ती माझ्या शाळेच्या शब्दकोशाला लावून पाहिली. सोल म्हणजे आत्मा, हे सापडलं. पुढचा शब्द बूगी. तो काही आमच्या कोशात नव्हता. आबांनी तो आपल्या पद्धतीने वाचला.

"सोल म्हंजे आत्मा," ते म्हणाले, "आनि पुढे लिखेल शे भोगी. म्हंजे आत्मा भोगस. हाई त्यासनं भजन शे."

इंग्रजांचं भजन आमच्या घरात आलं ते असं. कॉलनीत साताऱ्याकडच्या एक काकू होत्या, त्यांनी भाबडेपणाने विचारलं, "अहो पाटील, मग हे भोगीच्या दिवशीच लावायचं का? आमच्याकडं त्या दिवशी बाजरीची भाकरी अन् भोगीची भाजी असती." आबा गंभीरपणे म्हणाले, "ती भोगी येगळी, वहिनी. हाई आत्मानी भोगी." यावर आम्ही बहिणी स्वयंपाकघरात पोट धरधरून हसलो होतो. इंदूताई जास्त हसली होती. तेव्हा मला वाटलं, काकूंना हसते आहे.

आता सेलांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच अडलेलं आहे. पेटीला जाड सेल लागायचे आणि आबा ते शेवटच्या थेंबापर्यंत वापरायचे. उतरले की उन्हात भिंतीवर ओळीने मांडायचे, उलटेपालटे करायचे, कडेला दगडाने ठोकायचे, मग पुन्हा पेटीत. दोन गाणी चालायची, तिसऱ्याला तबकडी पेंगायला लागायची आणि गाणं रडायचं. हिंदी गाणी रडली की आम्हाला लगेच समजायचं, कारण ती आम्ही रेडिओवर ऐकलेली असायची, त्यांची चाल ठाऊक असायची. परदेशी तबकडीची खरी चाल कोणाच्या बापाला माहीत होती. आबांच्या असं लक्षात आलं होतं की भजन उतरलेल्या सेलांवरच जास्त भारदस्त वाटतं. म्हणून नवे सेल असले की सिनेमाची गाणी, आणि सेल उतरले की भजनाची वेळ. "सेल उतरनात," आबा म्हणायचे, "चला, आते भजन लावा." मग तो जाड, घोगरा, ओढत ओढत वर चढणारा पुरुषी आवाज खोलीत भरायचा. मागे ढोलासारखं काहीतरी सावकाश पडत राहायचं. आबा डोळे मिटून म्हणायचे, काय आवाज शे, दाना धरेल शे. आम्ही त्या गाणाऱ्याला इंग्रजबुवा म्हणायचो. खरं सांगते, मलाही ते ऐकून भरून यायचं. अजून कधी उदास वाटलं तर तेच माझ्या डोक्यात फिरतं.

इंदूताईला लहानपणी सांधे सुजण्याचा आजार झाला होता. तो बरा झाला म्हणून सगळे विसरले, पण तो तिच्या हृदयात जाऊन बसला होता. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तिला जिना चढताना धाप लागायला लागली. शहाद्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदयाची एक झडप आवळली आहे, सुरतेला मोठ्या दवाखान्यात न्या, ऑपरेशन करावं लागेल, आणि तोवर हिला धावपळ करू देऊ नका. तिचं कॉलेज बंद झालं. हंगाम ऐन भरात होता. आबा म्हणाले, पॅन बंद झालं की जाऊ. माय म्हणाली, देव पाहील. त्या काळी छाती उघडून ऑपरेशन म्हणजे माणूस परत येत नाही असंच आमच्याकडे समजत. मी पत्रातून काय लिहीत होते ते आठवत नाही, बहुधा काळजी घे असंच.

त्या हंगामातलं मायचं एक सांगणं आहे, ते मी शेकडो वेळा ऐकलं असेल. दुपारी आबा कामावर, माय दळणाला नाहीतर बाजाराला. घरी इंदूताई एकटी. "मी बजारथून उनू का, ती भितले टेकीसन बठेल राहे. डोया मिटेल, कपायवर घाम, जोरबन श्वास चाले. समोर पेटी उघडी, वर भजननी तबकडी. मी हाक मारू ते डोया उघाडे आनि नुसती हासे. इतली लागी जाये ती भजनमा." भजनात एवढं लागून जाणाऱ्या पोरीचा जीव संसारात नाही, असं मग हळूहळू सगळ्यांनी ठरवलं. आबांनीही. डॉक्टरांनी सुरतेचं पुन्हा विचारलं तेव्हा आबा म्हणाले की पोर स्वतःच नाही म्हणते. ती म्हणाली होती, "माले नही जानं." मला जायचं नाही. आबांनी ते मला नंतर कितीदा तरी सांगितलं. "तिनं मन उठी गयं व्हतं, कुंदे. मंग काबरं तिले वढानं?"

हंगाम संपायच्या आत ती गेली. मी रनाळ्याहून आले तेव्हा कारखान्याचा भोंगा वाजत होता आणि अंगणात मळीचा वास होता.

तिचे दिवस आम्ही प्रकाशा या तीर्थाच्या गावी तापीवर केले. घरी तेराव्याला माणसं जमली. आबांनी पेटी मधोमध ठेवली आणि इंदूचं आवडतं भजन लावलं. सेल उतरलेलेच होते. सगळ्यांनी हात जोडले. साताऱ्याकडच्या काकू हुंदके देत होत्या, रनाळ्याचा मामा टोपी काढून उभा होता. गाणं संपेपर्यंत कोणी हललं नाही. पुढे दरवर्षी तिच्या दिवशी ते लागायचं, पेटी बिघडेपर्यंत. मग आबा गेले, तबकडीला चीर गेली, आणि माय दरवर्षी म्हणत राहिली, ते भजन एकदा तरी कानी पडायला हवं.

या सगळ्यात शहाणपणा केला तो माझ्या लेकीने. मुग्धा पुण्याला असते. दिवाळीत आली तेव्हा तिने ट्रंकेतली तबकडी काढली, गोल कागदाचा फोटो घेतला आणि इंटरनेटवर शोधलं. म्हणाली, "आई, अगं, हा अल्बम कोणीतरी पुन्हा काढलाय, सीडीवर. जुन्या गाण्यांच्या शौकिनांत म्हणे फार नावाजलेला आहे." मी म्हटलं, भजनांचे शौकीन तिकडेही असतात तर. मुग्धा माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत राहिली, पण काही बोलली नाही. तिला पुण्याची गाडी गाठायची होती. थंडी पडली, ट्रॅक्टर सुरू झाले, आणि एक दिवस कुरिअर आलं.

पाकीट उघडल्यावर मी पहिल्यांदा ते वेष्टन पाहिलं. चकचकीत निळ्या कपड्यातली एक काळी तरुण बाई, डोक्यावर कुरळ्या केसांचा मोठा भारा, एक हात वर, तोंड उघडून हसते आहे. मला वाटलं, चुकीची सीडी आली. नाव ताडून पाहिलं. बरोबर होतं. मग मी स्वतःची समजूत काढली की हल्ली देवांच्या सीडीवरही काहीही छापतात.

माय आंघोळ करून बसली होती. तिने टीव्हीसमोर निरांजन लावलं, डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि म्हणाली, "लाव." टीव्हीखालच्या जुन्या डीव्हीडी प्लेअरमध्ये मी सीडी घातली.

ताशासारखं काहीतरी कडकडलं, त्यामागून टाळ्या, त्यामागून एका बाईचं मोठ्याने हसणं, आणि मग गाणं जे सुटलं ते सुटलंच. मायने जोडलेले हात खाली घेतले.

"हाई नही, कुंदे," ती म्हणाली. "हाई लगीनना बँडसारखं शे."

"माय, मुग्धानी हाईच धाडेल शे. पुढलं लावस मी."

दुसरंही तसंच. तिसरंही. मी कंटाळून रिमोट उचलला तेवढ्यात मायने माझं मनगट धरलं. "थांब. बंद नको करू." ती डोळे बारीक करून ऐकत होती. बाईचा आवाज पायऱ्या चढल्यासारखा वर गेला, थांबला, पुन्हा खालून चढला. मायचे ओठ हलायला लागले. ती तीच चढण गुणगुणत होती, सावकाश, तिच्या जुन्या वेगाने, आणि गाणं तिच्या कितीतरी पुढे पळत होतं. मग मलाही ओळखू आलं.

"हाई बुवा नही," माय म्हणाली. "हाई बाई शे."

मी आत जाऊन मुग्धाला फोन केला. मला आशा होती की कंपनीने गाण्याचा वेग वाढवला असेल, हल्ली जुन्या गाण्यांचं काहीही करतात. मुग्धा म्हणाली, "नाही आई, ओरिजिनल असंच आहे. डान्सचीच गाणी आहेत ती. बूगी म्हणजे नाचायचं गाणं. तुम्ही त्याला भजन का म्हणता ते मी विचारणारच होते." मी फोन ठेवला. उतरलेल्या सेलांनी आमच्याकडे नाचाचं भजन आणि बाईचा बुवा केला होता. आयुष्यभर पोरांच्या वह्यांत ऱ्हस्व-दीर्घ काढत बसलेली मी. एक शब्द घरात इतकी वर्षं चुकीचा वाचला जात होता आणि मला तो एकदाही तपासावासा वाटला नाही. पण मला खरा धक्का याचा नव्हता. इंदूताई इंग्रजी शिकत होती. तिने तो शब्द पहिल्याच दिवशी नीट वाचला असणार. स्वयंपाकघरात ती काकूंना हसत नव्हती.

मी परत बाहेर आले तर मायने गाणं तसंच चालू ठेवलं होतं. निरांजन विझलं होतं. माझ्याकडे न बघता ती बोलायला लागली.

"त्या साले तुन्हा आबाना टॉर्च घडीघडी उतरे. नवा सेल टाकेत, दोन दिनमा टॉर्च आंधया. रातले बाहेर जावाले अंधारमा ठेचा खायेत. दुकानदारसंगे भांडीसन उनात ते." ती थांबली. "सेल इंदू काढी ले, कुंदे. दुपारले पेटीमा टाके. मंग परत टॉर्चमा ठी दे."

मी रिमोट घेऊन आवाज कमी केला.

"तो घाम भजनना नव्हता," माय म्हणाली. "ती नाचे."

डॉक्टरांनी धावपळ करू नको म्हणून सांगितलेली माझी बहीण, दार लोटून, ताज्या सेलांवर, भर दुपारी, कारखान्याच्या घरघरीत कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने नाचत होती. धाप लागली की भिंतीला टेकत होती. आणि माय आली की डोळे उघडून हसत होती. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलायला तयार नाही. ते सुंदर आहे असं मुग्धा म्हणाली. मुग्धाला ते सुंदर वाटू शकतं, तिने इंदूताईला पाहिलेलं नाही. मला त्याची भीती वाटते. त्या नाचण्यानेच तिचं हृदय लवकर थकलं का, हे कोणा डॉक्टरला विचारून कळेल, पण मी विचारणार नाही. आणि नसती नाचली तरी सुरतेला कोण नेणार होतं. मला आबांचा राग येतो आणि लगेच त्यांचा तो उन्हात सेल मांडणारा हात आठवतो. वाईट माणसाने वाईट केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. आमच्या घरात सगळी माणसं चांगली होती, आणि सगळ्यांनी हात जोडून ऐकलं.

वैराग्य हा किती सोयीचा शब्द आहे, असं आता वाटतं. मी तो वर्गात शिकवला आहे, संतांच्या अभंगांत त्याचा अर्थ समजावून सांगितला आहे. ज्याने भोगून सोडलं त्याचं ते वैराग्य, असं काहीतरी मी सांगायचे. इंदूताईने काय भोगलं होतं, की सोडायचं. वीस-एकवीस वर्षांची पोर, कॉलेजचं शेवटचं वर्ष अर्धवट राहिलेलं. तिला कोणी काही दिलंच नव्हतं. आजारी मुलगी गप्प बसली की घरातल्यांना हायसं वाटतं, आणि आम्ही त्या हायसं वाटण्याला एक मोठं नाव दिलं.

त्या दिवसानंतर माय रोज दुपारी ती सीडी लावायला सांगू लागली. निरांजन नाही, पदर नाही. पलंगावर पाय सोडून ती ऐकत बसायची. मला वाटलं होतं ती रडेल, आजारी पडेल. तसं काही झालं नाही. एकदा शेजारीण आली आणि सवयीने फोटोकडे बघून हळहळली. मी मायच्या तोंडाकडे बघत राहिले. मायने तिला ज्वारीचा भाव विचारला.

इंदूताईचा दिवस आला तशी मी रिक्षा सांगितली. मायला म्हटलं, थंडी फार आहे, यंदा नको जायला. ती आधीच लुगडं बदलून बसली होती. प्रकाशाला पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. तापीचं पाणी अडवलेलं, रुंद, जागच्या जागी. वरच्या देवळातून घंटा, खाली कोणाचं तरी श्राद्ध चाललेलं, नदीपल्याडच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर. मायला उतरवत नाही म्हणून आम्ही घाटाच्या वरच्याच पायरीवर बसलो. दरवर्षी ती इथे काहीतरी पुटपुटते. यंदा ती गप्प होती. मी दिवा, फुलं पिशवीतून काढत होते तेव्हा तिने विचारलं,

"त्या गानामा ती बाई काय म्हनस?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. मी ते गाणं पुन्हा पुन्हा ऐकून शब्द लावले होते आणि मायने विचारलं तर काय थाप मारायची तेही ठरवून ठेवलं होतं. देवाचं काहीतरी सांगायचं. पण मायने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझ्याने थाप मारवेना.

"ती म्हनस, माले एवढामा घर नही जानं," मी म्हणाले. "आखो थोडं नाचू द्या. माले नही जानं."

मायने माझ्या हातातली फुलं घेऊन आपल्या मांडीवर ठेवली.

"इंदूले हाई समजे?"

"हां, माय. तिले इंग्रजी चांगलं ये."

"ती म्हननी त्या दिन सुरतनं नावबी कोनी काढेल नव्हतं," माय म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी निवडताना बोलावं तसा. "तापमा निजेल व्हती. मी उशाले बठेल. डोया उघाडात, मन्हा हात धरा, आनि म्हननी, माय, माले नही जानं. तुन्हा आबा दारमा उभा व्हतात. ते म्हननात, देख, सुरतले नही म्हनी ऱ्हायनी. माले बी तेच वाटनं."

मी तिचा हात धरला. म्हणाले, "माय, आबासले काय ठाऊक. तुले काय ठाऊक. कोनलेच ठाऊक नव्हतं."

तिने माझा हात झिडकारला नाही, धरलाही नाही.

"ती मन्हा हात धरीसन सांगी ऱ्हायनी व्हती," माय म्हणाली, "आनि आम्ही तिले धाडी दिधं."